पश्चिमेकडच्या अक्षता

१५ जून १९७९, शुक्रवार

आज डॉक्टर एर्नाबाई आईंवर, माझ्या सासूबाईंवर, ओरडल्या. कारण एवढंच, की आईंनी माझ्या लेकीची, मनीची, झटक्यांची गोळी कुस्करून आमरसात कालवली. मनी कडू थुंकून टाकते, गोळी वाया जाते. कुठल्याही घरात हेच करतात. बाईंनी वाटी आईंच्या हातातून अक्षरशः हिसकावली. रस लुगड्यावर सांडला.

"आजी, जेवनात औषध नाई टाकाचं. कदीच नाई. लेकरू भरोशानं तोंड उघडते."

मग मनीला गोळी दाखवली. "मनी, हे औषध होय. कडू हाये." आणि पाण्याबरोबर दिली. मनीने निम्मी थुंकली. पुन्हा दिली.

बाई गेल्यावर आई मला म्हणाल्या, "गोरी असो का काळी, डॉक्टर झाली का डोक्शात हवा जातेच."

मला हसू आलं. जन्माने जर्मन आणि भांडते नाचणगावच्या बायांसारखी. कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात इतकी वर्षं काढली. मराठी शिकली ती रोग्यांकडून. मी शाळेत मराठी शिकवते, तर मला म्हणते, "तुमी लय साफ बोलता." ते कौतुक नसतं.

२२ जून, शुक्रवार

इस्पितळाची जीप शुक्रवारी वर्ध्याला बाजाराला येते, म्हणून बाईंचा आमच्याकडे नालवाडीला यायचा वार शुक्रवार. मनी हॉर्न ओळखते. "हूं" म्हणते. तिचा तेवढाच एक शब्द, आणि तो बाईंसाठी राखून ठेवलेला. मला कधी म्हणत नाही. जळते मी. इथे लिहायला काय हरकत आहे.

पोळ्याला नऊ वर्षं पूर्ण होतील. मान धरत नाही, बसत नाही. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा हाडांचा सापळा होती. दूध पाजलं की ठसका, काळीनिळी. बाकीचे डॉक्टर वर बोट दाखवायचे. बाईंनी हनुवटीखाली अंगठा धरायला शिकवलं. घास जिभेवर कुठे ठेवायचा ते शिकवलं. आणि मग थांबायचं. तेच जमत नाही मला. "घाई तुले हाये माय, तिले नाई."

एक चमत्कारिक. सगळं तपासतात, पण झटक्यांचं औषध स्वतः लिहून देत नाहीत. "ते गावातल्या डॉक्टरकडून घे." फिनोबार्बच तर आहे, त्यात काय एवढं? विचारलं तर मनीची नखं पाहत बसल्या.

६ जुलै, शुक्रवार

आज जे झालं ते कसं लिहू.

मनीला सकाळी मोठा झटका. एर्नाबाई येईपर्यंत निपचित. आई तिच्या पायाशी बसून होत्या. एकदम बाईंना म्हणाल्या, अगदी हळू, हात जोडून:

"बाई, मी आता किती दिवसाची. माह्या मागं हिचं कोन करन? माय हिची शाळेत, बाप हिंगणघाटले. तुमच्या देशात एखादी सुई असन ना? झोपीतच सुटन बिचारी. पुन्य लागन तुमाले."

मला राग यायला हवा होता. पण आईंनीच तर या पोरीचं हगणंमुतणं काढलं आजवर. प्रेमानेच म्हणाल्या. तेच वाईट.

बाई पांढऱ्याफटक. चहाचा कप तसाच ठेवून उठल्या, जीपपर्यंत गेल्या. परत आल्या. दारातूनच:

"आजी, असं पुन्हा नोका म्हनू. कोन्याच डॉक्टरले नोका म्हनू. एखादा आयकन."

२७ जुलै, शुक्रवार

श्रावणातला पहिला शुक्रवार. सकाळची शाळा करून घरी. जिवतीचा कागद भिंतीला लावला, आघाड्याची माळ, पुरण. मनीला औक्षण केलं. दिव्याकडे टक लावून बघते, ते मला आवडतं.

माझा थोरला मुलगा नागपूरला होस्टेलवर. म्हणून नेहमीप्रमाणे चारी दिशांना अक्षता टाकल्या. एर्नाबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. हे काय म्हणून विचारलं.

आई म्हणाल्या, "लेकरू डोयापुढं नसलं का चारी दिशेले अक्षता टाकाच्या. जिथं असन तिथं पोचते. खुशाल राह्यते."

"मेलेलं असलं तं?"

"त्याले बी पोचते. माहे दोन गेले. त्यायच्याबी नावानं टाकत असतो मी."

बाई उठल्या. पश्चिम कुठे विचारलं. आईंनी शेवग्याकडे बोट दाखवलं. बाईंनी तबकातून चिमूट घेतली, टाकली. पुन्हा घेतली. पुन्हा. ओठ हलत होते, काहीतरी त्यांच्या भाषेत, मला वाटतं नावं. तबक रिकामं झालं तरी बोटं तबकात फिरत राहिली. आई आतून आणखी तांदूळ घेऊन आल्या, काही न विचारता. तेही संपले.

मग खाली बसल्या, मातीतच. मनीने आतून "हूं" केलं. त्यांनी कानांवर हात ठेवले.

मनीला न भरवताच गेल्या. असं कधी झालं नव्हतं.

३ ऑगस्ट, शुक्रवार

आल्या नाहीत. जीप आली, बाजार करून गेली. मनी दुपारभर दाराकडे.

लढाईत यांची स्वतःची मुलं गेली असावीत. विचारायला हवं होतं. आम्ही कधी काही विचारलंच नाही. फुकट औषधं घेत राहिलो.

१० ऑगस्ट, शुक्रवार

आल्या. आई देवळात गेल्या होत्या. शेवग्याखाली खाटेवर बसून सांगितलं. वऱ्हाडीतच. हे सगळं त्या बोलीत ऐकणं म्हणजे… ज्या बोलीत आई मनीला अंगाई म्हणतात.

जमेल तसं लिहिते.

तरुण होत्या, नुकत्याच डॉक्टर झालेल्या. हिटलरचं राज्य. टेकडीवर मुलांचं इस्पितळ, मागे सफरचंदाची झाडं. मनीसारखी मुलं. कुठूनकुठून आणलेली. आयांना सांगायचे, इथे नवे उपचार आहेत. दूर कुठेतरी मोठे डॉक्टर बसलेले, ते कागदावरूनच ठरवायचे, हे मूल ठेवायचं, हे नाही. मुलाचं तोंडही न पाहता. उंटावरून शेळ्या.

आणि मग टेकडीवरच्या डॉक्टरने झोपेचं औषध द्यायचं. सुई नाही. थोडं थोडं, लापशीत कालवून. मूल झोपून राहतं, छाती भरते, ताप. मग 'न्यूमोनिया' लिहायचं.

"कोण लिहायचं?"

"मी."

"कोण भरवायचं?"

"नर्स भरवे. कदी मी बी."

लापशीत कालवून.

मी म्हटलं, तुम्हाला जबरदस्ती केली असेल. मला ते हवं होतं. तिने हो म्हणावं म्हणून मी जवळजवळ विनवणी करत होते.

"नाई. कोनी बंदूक नोती लावली. माह्यासंगचा एक डॉक्टर नाई म्हनला. त्याची दुसऱ्या गावी बदली केली. बास, तेवढंच. मी बी नाई म्हनू शकत होती. म्हनली नाई. आमचे मोठे डॉक्टर लय चांगले होते, लेकराइले गानं म्हनून दाखवत. ते म्हनत, ही दया होय. मले बी वाटे, मी दया करून राह्यली."

किती मुलं, विचारलं. म्हणाली, मोजली नाहीत. मोजली असती तर हात थांबला असता.

एक मुलगा होता. चमचा दिसला की आ करायचा. "मनीवानी," म्हणाली.

एकदा एक आई मुलासाठी लोकरीचा स्वेटर विणून घेऊन आली होती. हिनेच तिला फाटकाशी सांगितलं, कालच गेला. आईने हिचा हात धरून आभार मानले, तुम्ही खूप केलंत म्हणून.

लढाई संपल्यावर काही मोठ्यांना पकडलं. काही पुन्हा दवाखाने थाटून बसले. हिला कोणी विचारलं नाही. वाट पाहिली, म्हणते. मग इकडे.

मी म्हटलं, "मला कशाला सांगता? त्यांच्या आयांना सांगा."

मान डोलावली.

मग मी तिला चहा विचारला. सवयीने. मला माझीच किळस आली.

११ ऑगस्ट, शनिवार

झटक्यांच्या गोळ्यांची बाटली हातात घेऊन बसले. तेच औषध आहे. काल जाताना सांगून गेली. म्हणून लिहून देत नाही. हेच, जास्त मात्रेत.

करून करून भागला, देवपूजेला लागला. माझी मनी काय हिच्या प्रायश्चित्ताचं गोमूत्र आहे? त्या मुलांना मारायला शिकलेला हात माझ्या पोरीच्या हनुवटीखाली. आणि पोरगी त्या हातालाच "हूं" म्हणते.

आणि त्या हातानेच ती जगली. हे दोन्ही मला एकाच वेळी मनात ठेवता येत नाही.

१२ ऑगस्ट, रविवार

हे हिंगणघाटहून आले. गिरणीतली कारकुनी करून करून सगळ्याचा तह करायची सवय लागली आहे यांना. सगळं ऐकून घेतलं. मग, "सरकारचाच हुकूम होता ना. आणि आपल्या मनीसाठी काय केलं ते बघ. जुनं ते जुनं."

"कोणासाठी जुनं?"

"मी एवढंच म्हणतो, घाई करू नको."

घाई मला आहे, तिला नाही. हे माझ्याच डोक्यात कुणाच्या आवाजात आलं ते ओळखलं आणि उठून भांडी घासायला घेतली.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

फाटकातच सांगितलं, यापुढे येऊ नका.

"बराबर हाये," म्हणाली. एक शब्द जास्त नाही. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

आतून मनी. "हूं. हूं." तोंड उघडून वाट पाहत होती. मी घास भरवला. तोंड मिटेना, दाराकडेच बघे. मी रडले, तिच्या तोंडावर पडलं, तिने चाटलं.

२३ ऑगस्ट, गुरुवार

तान्हा पोळा. गल्लीतली सगळी पोरं लाकडी बैल ओढत बोजाऱ्याचे पैसे मागायला. मनीचाही बैल आहे, गेल्या वर्षी इस्पितळातल्या एका बोटं झडलेल्या सुताराने करून दिलेला. बाईंनी आणला होता. फेकावासा वाटला. फेकला नाही. आईंनी मनीला कडेवर, मी बैलाची दोरी. सगळ्यांनी तिच्या मुठीत नाणी कोंबली, मुठीतून पडली.

१९ सप्टेंबर, बुधवार

मनी खात नाही. अंगठा तिथेच धरते, तसाच धरते. घास बाहेर. वजन उतरलं, कडेवर घेतलं की कळतं.

आई: "बाई काऊन येत नाई? काय म्हनली तू तिले?"

सांगितलं. सगळं. आई भिंतीला टेकून बसल्या.

"वो माय. म्या तिले काय मांगतलं होतं वं!"

"आई, तुमचं वेगळं."

"काय येगळं? मी मांगून राह्यलती, तिनं देल्लं होतं. दोघी सारख्याच."

नाही. हे मी आईंना तोंडावर सांगितलं, आणि इथेही लिहून ठेवते. घरचं माणूस थकतं, रडतं, नको ते मागतं. मागणाऱ्याला नाही म्हणायला तर डॉक्टर असतो. तोच हो म्हणाला तर मग उरलं कोण?

आई म्हणाल्या, "तरी बोलाव तिले. पोट्टी उपाशी मरते."

बोलावलं नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीपासून खोकला. आता ताप. छाती खडखडते. वर्ध्याला भरती केलं.

२१ नोव्हेंबर, बुधवार

तरुण डॉक्टर. सभ्य, आवाज मऊ. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, न्यूमोनिया आहे. अशा मुलांचं… खरं सांगू का, घरी न्या. सुया टोचून कशाला छळायचं तिला? जाऊ द्या शांतपणे. तुम्हीही सुटाल."

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरंच कळवळून बोलत होता.  असेच असतील ते टेकडीवरचे.

इस्पितळाच्या जीपवाल्याला निरोप दिला. मीच दिला.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

एर्नाबाई सकाळीच हजर. थेट त्या डॉक्टरसमोर.

"पोट्टीचं नाव काय?"

तो गडबडला. बिछान्याचा नंबर सांगितला.

"नाव इचारलं मी. मनोरमा हाये तिचं नाव. नाव घे आन् मंग सांग मले, घरी नेऊ म्हनून."

त्याने नाव घेतलं. मग सुया सुरू केल्या, प्राणवायू लावला. वाईट नाही तो पोरगा. त्याला फक्त कोणीतरी नाही म्हणायला हवं होतं.

मनीने डोळे उघडले. "हूं."

बाई स्टुलावर. मी दुसऱ्या बाजूला. 

२४ नोव्हेंबर, शनिवार

ताप थोडा कमी. बाई जागच्या हललेल्या नाहीत. मनीने दोन घास पेज घेतली, त्यांच्या हातून. मी पाहत होते. पाहत होते म्हणजे पहारा करत होते. त्यांना कळत होतं. प्रत्येक चमचा आधी माझ्यासमोर धरायच्या, मग मनीसमोर.

२ डिसेंबर, रविवार

आज लिहिते. 

पंचवीसला दुपारी मी कपडे बदलायला घरी आले. मनी झोपली होती, श्वास बरा होता. बाई म्हणाल्या, "जा, मी हावो." गेले. आंघोळ केली. आईंनी बळेच दोन पोळ्या खाऊ घातल्या.

परत गेले तर मनी नव्हती. होती, पण नव्हती.

बाईंनी तिची मान नीट ठेवली होती. केस विंचरले होते.

आणि मी पहिल्यांदा मनीकडे पाहिलं नाही. स्टुलावरच्या चमच्याकडे पाहिलं.

आई असून मी आधी चमच्याकडे पाहिलं.

तिने मला पाहताना पाहिलं. मग ती म्हणाली, "तोंड उघडलं तिनं. पानी देल्लं. दुसरं काई देल्लं नाई."

मी विचारलं नव्हतं.

त्या डॉक्टर पोराने कागदावर 'न्यूमोनिया' लिहिलं. बाईंना म्हणाला, तुम्ही होता, सही करा. तिने हात मागे घेतले. "मी ह्या शब्दावर सही नाई करत." कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोरला नागपूरहून आला, त्याने तिला खुर्ची दिली. त्याला काही माहीत नाही.

राख पवनारला धाम नदीत सोडली. हे पाण्यात उभे राहून मोठ्याने रडले.

८ डिसेंबर, शनिवार

सोमवारी वार्डातल्या नर्सला भेटले. ती म्हणाली, ताई, मी दोनदा येऊन गेले, म्हातारी नुसती हात धरून बसली होती, काहीतरी गुणगुणत. छाती भरली होती, व्हायचं ते झालं.

म्हणजे झालं. पटलं.

परवा पुन्हा तिच्याकडे गेले, तेच विचारायला. नर्सने तेच सांगितलं, जरा कंटाळून.

१४ जानेवारी १९८०, सोमवार

संक्रांत. तिळगूळ वाटताना जीपचा हॉर्न ऐकू आला. दार लावून घेतलं. आई म्हणाल्या, "तिनं काई केलं नाई वं." मी म्हटलं, माहीत आहे. "मंग?" मंग काय, आई. तिने टेकडीवर जे केलं त्याने हेही नासलं. माझ्या पोरीचं मरणसुद्धा मला स्वच्छ मिळालं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी शाळेत झेंडा. नववीच्या मुलींनी गाणं म्हटलं, बुंदी वाटली. घरी येऊन जिवतीचा कागद लावला. औक्षणाला पाट मांडला, मग आईंनी तो हळूच उचलून ठेवला.

अक्षता. नागपूरच्या दिशेला थोरल्यासाठी. मग मनीसाठी. कोणत्या दिशेला, कळेना. चारी दिशांना टाकल्या. पश्चिमेला टाकताना जास्त पडल्या हातून. तिकडेही लापशी खाऊन गेलेली कुणाकुणाची पोरं आहेत, आणि त्यांच्या आयांना हे टाकायचं माहीत नाही.

दुपारी एर्नाबाई. जीप नाही, रिक्षाने. फाटकाबाहेरच उभ्या. खूप वाळल्या आहेत. पुढच्या महिन्यात आपल्या देशात परत जाते आहे म्हणाल्या. कोर्टात जाऊन सांगणार, नावं सांगणार, आपलं आधी. कोणी आई जिवंत सापडली तर तिच्या दारात जाणार. "तू म्हनलीस ना. त्यायच्या आयाइले सांगा म्हनून." ऐकतील का, घेतील का, माहीत नाही. परत येईन का, तेही नाही.

मग म्हणाल्या, "थोड्या अक्षता देतेस काय? तिथं टाकाच्या हायेत."

आई आत गेल्या, तबक आणून माझ्या हातात दिलं. स्वतः नाही दिलं त्यांना. माझ्या हातात दिलं.

मी वर्तमानपत्राचा तुकडा फाडून पुडी बांधली. फाटकापर्यंत गेले. बाईंनी हात पुढे केला. तोच हात, मनीच्या हनुवटीखालचा. मला तो धरायचाही होता आणि… मागे फिरले. पुडी ओट्याच्या कडेवर ठेवली आणि आत आले. फाटकाला कडी घातली नव्हती. वळून पाहिलं नाही.

"मनीला तिने काही केलं नाही, हे मला माहीत आहे" असं आज इथे लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं. आता वाचून पाहते आहे, खरं वाटतं का ते.

संध्याकाळी ओट्यावर पुडी नव्हती. बाईंनी नेली, की आईंनी उचलून देवाजवळ ठेवली, की चिमण्यांनी फोडली. आईंना विचारलं नाही.